चकव्याच्या वाटा

रानातून घरी परतताना ओळखीची वाट एकाएकी अनोळखी वाटू लागते. माणूस त्याच मोहाच्या झाडाभोवती फिरून फिरून पुन्हा तिथेच येतो, आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून सांगतो, "काल मला चकवा लागला." श्रोतेहो, तुमच्यापैकी कित्येकांनी ही गोष्ट ऐकली असेल, एखाद्याने अनुभवलीही असेल.

प्रत्येक गावाला अशा दोनचार जागा असतात. कुठे पडका वाडा असतो, कुठे बुजत आलेली विहीर, तर कुठे माणसे उठून गेलेली रिठी. दिवसा ढोरे चारायला पोरे तिथे बिनदिक्कत जातात. दिवेलागण झाली, की मात्र कोणाचा पाय तिकडे वळत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. भुते आहेत की नाहीत, हा काही माझा विषय नव्हे. पण अशा जागांची भीती आली कुठून, याचा माग काढीत गेले तर पुष्कळदा खरोखर घडलेली एखादी गोष्ट हाती लागते, असा माझा अनुभव आहे. त्या ओघात आणखी एक गोष्ट मला कळली. ती मला स्वतःला फार उशिरा कळली, म्हणून शेवटी सांगेन.

तर आज प्रथम तुम्हांला नागपूरच्या जुन्या गल्ल्यांतून नेतो. मग शहराबाहेर काटोलच्या वाटेने माळावर, आणि तिथून रामटेकच्या बाजूच्या एका टेकडीवर जाऊ. हा सगळा प्रवास पायी करायचा आहे असे समजा. या जागा गाडीतून दिसत नाहीत.

नागपूरला तुम्ही बाजारहाटाला येता, कचेरीच्या कामाला येता. सीताबर्डीची गर्दी, संत्र्यांच्या पाट्या आणि आता डोक्यावरून धावणारी मेट्रो तुमच्या ओळखीची आहे. पण जुने नागपूर पाहायचे तर शुक्रवारी तलावाला वळसा घालून पूर्वेला महालात शिरले पाहिजे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास इथल्या लहान लहान वाड्या एकत्र करून हे शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, शहराभोवती तट घातला आणि तलाव बांधून काढला. त्या तलावाला जुम्मा तलाव म्हणत. जुम्मा म्हणजे शुक्रवार. म्हणून पुढे तो शुक्रवारी तलाव झाला, आणि आज त्याला गांधीसागर म्हणतात. पाणी तेच राहिले, नाव दोनदा बदलले. नावांच्या अशा थरांतून इतिहास वाचायचा असतो. शिक्षक मित्रांनी हे मुलांना अवश्य दाखवावे.

गोंडांमागून भोसले आले. गोंड घराण्यातल्या भांडणात मदतीला बोलावलेले पहिले रघूजी भोसले १७४३ पर्यंत इथले खरे सत्ताधीश झाले. त्यांच्या वंशाने इथे राजवाडा बांधला आणि सरदारांनी त्याभोवती आपापले वाडे उठवले. तुळशीबाग, बेलबाग, इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी ही नावे तुम्ही ऐकलीच आहेत. बाग म्हटले की तिथे कधीकाळी झाडे होती आणि वार म्हटला की तिथे कधीकाळी बाजार भरत होता, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे शहर डोळ्यांपुढे उभे राहते.

संध्याकाळी साडेसहासातच्या सुमाराला या गल्ल्यांतून चालून पाहा. एका अंगाला नवी चारमजली इमारत आणि तिच्या कुशीत दडलेला वाड्याचा दरवाजा. दरवाज्याला कोरीव सागवानी चौकट, आत अंधार, वर वाकलेली ओसरीची खांडे आणि भिंतीतून उगवलेला पिंपळ. आत कोणी राहते की नाही, हे बाहेरून कळत नाही. मग आतून कोणी खोकते आणि आपण दचकतो! गल्लीही सरळ नसते. दहा पावलांवर वळते, पुन्हा वळते आणि एखाद्या बंद भिंतीपाशी संपते. शत्रूचा घोडेस्वार आत शिरला तर त्याला भरधाव दौडता येऊ नये, हा अशा वळणांचा एक फायदा. जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतही चकवा लागतो तो असा.

खुद्द भोसल्यांचा मोठा राजवाडा मात्र तुम्हांला तिथे सापडायचा नाही. तो १८६४ मध्ये आगीत जळाला. त्याचा नगारखाना तेवढा मागे राहिला. राजा गेला, वाडा गेला आणि नगारे वाजवायची जागा उरली. अशा ठिकाणी रात्री कोणाला नगारा ऐकू आल्याचा भास झाला, तर त्या माणसाला हसू नये असे मला वाटते.

आता माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमची आजी महालात राहत असे. सुटीत आम्ही पोरे तिच्याकडे जात असू. आम्हांला सगळीकडे हुंदडायला मोकळीक होती, फक्त एक गोष्ट मना होती. दिवे लागल्यावर जुम्मा दरवाज्यातून एकट्याने जायचे नाही. जुम्मा दरवाजा म्हणजे जुन्या तटाची वेस. आज तिला गांधी दरवाजा किंवा गांधी गेट म्हणतात. मी विचारी, "का गं आजी?" आजी म्हणे, "तिथं अरब उभा असतो." अरब कसला, कुठला, तो का उभा असतो, हे तिलाही ठाऊक नव्हते. तिला तिच्या सासूने तसे सांगितले होते. लाइट गेली म्हणजे मी त्या कमानीखालून डोळे मिटून धावत सुटायचो. आणि धावता धावता मला हातात बंदूक घेतलेला, पागोटे बांधलेला एक उंच माणूस स्पष्ट दिसायचा!

पुढे कॉलेजात १८१७ सालचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हा अरब मला पुस्तकात भेटला.

त्या वर्षी आप्पासाहेब भोसले गादीवर होते. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याची रेसिडेन्सी शहराच्या पश्चिमेला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपाशी होती. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथे लढाई जुंपली आणि रात्रभर चालली. इंग्रजांचे शिपाई जेमतेम दीड हजार. भोसल्यांची फौज त्याच्या दसपटीहून मोठी. त्या फौजेत पगारी अरब शिपाई होते आणि लढण्यात ते सर्वांत चिवट होते. २७ च्या सकाळी धाकटी टेकडी अरबांनी जिंकून घेतली. इंग्रजांचे आता संपले असे वाटत होते. इतक्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर घोडदळाने खालच्या मैदानात अचानक मुसंडी मारली, आणि दुपारपर्यंत पारडे फिरले. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून ३६७ झाले. पुढे १६ डिसेंबरला शहराबाहेर पुन्हा लढाई झाली आणि त्याच दिवशी आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

राजा स्वाधीन झाला, तरी अरब झाले नाहीत. ते बायकापोरांसह शहरात होते. राजवाडा आणि भोवतालच्या गल्ल्या त्यांनी धरून ठेवल्या. इंग्रजांनी वेढा घातला, तोफा लावल्या, आणि २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर हल्ला चढवला. हल्ला फसला. ज्या गल्ल्यांत आपण आत्ता चालत होतो, तिथल्या घराघरांतून गोळ्यांचा वर्षाव झाला आणि इंग्रजांना माघारी फिरावे लागले. अखेर महिना संपता संपता बोलणी झाली. सुखरूप वाट देण्याच्या बोलीवर अरब आपली कुटुंबे आणि सामान घेऊन शहराबाहेर पडले.

आता विचार करा. लढाई झाली १८१७ मध्ये. माझी आजी मला ती गोष्ट सांगत होती तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती. तिने इतिहासाचे पुस्तक कधी हाती धरले नव्हते. गादीवर कोण होते, रेसिडेंट कोण होता, हे तिला सांगता आले नसते. पण "त्या दरवाज्यात अरब उभा आहे" एवढे मात्र सासूकडून सुनेकडे, सुनेकडून नातवाकडे अचूक येऊन पोचले होते. साल गळाले, कारण गळाले, माणूस उरला. आणि कारण गळाल्यामुळेच त्या माणसाचे भूत झाले.

अशीच गत एका बाईची झाली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते हे तुम्हांला ठाऊक आहे. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्याबरोबर बडगे इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून वाजतगाजत निघतात. रोगराई, इडापिडा, महागाई, जे काही गावाला छळत असेल ते तिच्या माथी मारून तिला शेवटी जाळतात. काळी मारबत म्हणजे भोसल्यांची बाकाबाई, ती इंग्रजांना फितूर झाली म्हणून तिला दरसाल जाळायचे, असे लोक सांगतात.

बाकाबाई ही दुसऱ्या रघूजींची राणी. आप्पासाहेबांशी तिचे वैर होते, हे खरे. ते पदच्युत झाल्यावर राजवाड्यातला कारभार तिच्याकडे आला, हेही खरे. १८५७ मध्ये तिने आपल्या माणसांना उठावापासून दूर राहायला सांगितले, हेही नाकारता येत नाही. पण याच बाईची दुसरी बाजू मारबतीत दिसत नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोलाने गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवण्यात आले. त्या वेळी ही वृद्ध राणी इतकी संतापली, की "वाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन," असे ती म्हणाल्याची वार्ता जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच नोंदवून ठेवली आहे. राज्य परत मिळावे म्हणून या घराण्याने विलायतेपर्यंत दाद मागितली, तीही तिच्याच हयातीत. १८५८ मध्ये ती वारली.

मारबत बंद करा, असे मी म्हणत नाही. ती आमच्या नागपूरची मोठी गमतीची आणि जिवंत रीत आहे. पण एखाद्या माणसाची सगळी हकीकत विसरून एकच खूण जपली, म्हणजे त्याची मारबत होते. हे मुलांना सांगायला ती मिरवणूक फार चांगला धडा आहे.

आता शहर सोडू. काटोलच्या रस्त्याने दहाबारा किलोमीटर गेले, की जुनापाणी हे ठिकाण लागते. तिथल्या माळावर मोठमोठे काळे धोंडे गोल मांडलेले दिसतात. एक नव्हे, दोन नव्हे, अशी शंभराहून अधिक वर्तुळे माळभर पसरली आहेत. काही पंचवीसतीस फूट रुंद आहेत, काही त्याहून बरीच मोठी. मध्ये लहान दगडांची भर आहे, आणि काही धोंड्यांवर वाटीएवढे लहान खड्डे ओळीने कोरलेले आहेत. पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढे वाढते. वारा सुटला म्हणजे ते गवत वाकते आणि धोंडे वर डोकावतात. बैठक भरवून कोणी गोल बसले आहे, असे वाटते. दुपारीसुद्धा तिथे माणूस हळू आवाजात बोलतो.

नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर या भागांत अशी वर्तुळे पुष्कळ ठिकाणी आहेत. जुने लोक सांगत, की ती गवळ्यांची. गवळी राजे होऊन गेले, त्यांचे हे तळ किंवा मसणवटे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाचा इंग्रज अधिकारी इकडे कापसाच्या खात्यात होता. कापूस पाहता पाहता त्याने हे दगडही पाहिले, काही वर्तुळे उकरली, आणि १८७९ मध्ये त्यांवर आणि त्या वाटीसारख्या खुणांवर लिहिले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने खणली. त्यानंतर डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड अशा ठिकाणी काम केले.

त्यातून जे कळले ते असे. ही वर्तुळे म्हणजे स्मशाने आहेत. साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी इथे लोखंड वापरणारे लोक राहत होते. मेलेल्याबरोबर ते लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, काळी-तांबडी मातीची भांडी आणि मणी पुरत. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या साजासकट. पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. म्हणजे ज्या लोखंडाने तुम्ही आज वखर चालवता, ते गाळायची विद्या तुमच्याच जिल्ह्यात निदान अडीच हजार वर्षांची जुनी आहे!

लोकांनी गवळी म्हटले, पंडितांनी लोहयुगातले लोक म्हटले. पण "हे मसणवटे आहेत" ही मूळ गोष्ट लोकांनी बरोबर सांभाळली होती. खणायच्या आधीच त्यांना ती ठाऊक होती.

आणखी एक टेकडी दाखवतो. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले, की रामटेकच्या अलीकडे मनसर लागते. मँगनीजच्या खाणींमुळे हे नाव तुम्हांला माहीत असेल. तिथे तळ्याजवळ एक टेकडी आहे, तिला लोक हिडिंबा टेकडी म्हणत आले. हिडिंबा म्हणजे महाभारतातली राक्षसीण. अशा नावाच्या टेकडीवर घर बांधायला कोण धजणार? १९७२ मध्ये मनसरला शिवाची एक बसकी, हसरी, देखणी मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नंतर १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा राक्षसिणीच्या टेकडीतून पाचव्या शतकातले विटांचे भव्य शिवमंदिर बाहेर आले. ते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळचे. या राजाची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे आपल्या नागपूरचे थोर पंडित म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. मनसरच्या उत्खननानंतर, ते मनसरच असावे असे काही अभ्यासकांना वाटू लागले. हा वाद अजून मिटलेला नाही. मिटेल तेव्हा मिटो. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की राजाचे नाव लोक विसरले, देवाचे नाव विसरले, पण "ही जागा साधी नाही" एवढे त्यांनी विसरू दिले नाही.

आता ती शेवटची गोष्ट, जी मला उशिरा कळली.

मी एम. ए. ला होतो तेव्हाची हकीकत. आम्ही तिघे मित्र हिंगण्याच्या बाजूला एका गावाच्या माळावर अशी वर्तुळे पाहायला गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. माळावर एक म्हातारा गुराखी ढोरे चारीत होता. आम्ही वर्तुळात शिरू लागलो तसा तो काठी टेकीत आला आणि म्हणाला, "आत पाय नोका ठेवू जी. थे गवळ्यायची जागा हाय. सांजच्याला चकवा लागते." आम्ही शिकलेली मुले. आम्हांला हसू आले. आमच्यातला एक जण सर्वांत मोठ्या धोंड्यावर चढून उभा राहिला आणि ओरडला, "कुठे आहे तुमचा चकवा? म्हणावं, ये!" गावची दहापंधरा पोरे भोवती जमली होती, तीही हसली. म्हातारा काही बोलला नाही. मग मी त्या पोरांना मोठ्या ऐटीत व्याख्यान दिले, की भूतबीत काही नसते, हे नुसते दगड आहेत.

नुसते दगड! हे माझे शब्द. या माळावर अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसे निजली आहेत, हे सांगायला मला दोन मिनिटे पुरली असती. ते मी सांगितले नाही. म्हाताऱ्याचे चुकते कुठे, तेवढेच सांगितले, आणि परत आलो.

वीसेक वर्षांनी, आता मी स्वतः मास्तर झाल्यावर, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच गावी गेलो. माळावर वर्तुळे नव्हती. एखाददुसरा धोंडा पडला होता, बाकी जमीन सपाट करून वावर काढले होते. चाळिशीतला एक शेतकरी भेटला. त्याने मला ओळखले नाही. मी मात्र मनात हिशेब केला, की त्या दिवशी हसणाऱ्या पोरांपैकीच हा एक असेल. मी विचारले, "दगड कुठे गेले हो?" तो म्हणाला, "काही धुऱ्याले टाकले जी, काही गिट्टीले गेले. पहिले लोक भेत होते, कोनी हात नाही लावे. आता कोनी भेत नाही. पोट्टे शिकले."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला ते अभिमानाने सांगायचे होते. पण मला त्या उन्हात अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षे त्या माळावर ना पहारेकरी होता, ना तारेचे कुंपण, ना खात्याची निळी पाटी. तिथे होती ती एक भीती. गुराखी ती पोराला सांगत होता, तो आपल्या पोराला. तेवढ्यावर ते दगड जागचे हलले नव्हते. आम्ही जाऊन ती भीती काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. त्या शेतकऱ्याला दोष कसा देऊ? त्याच्या वावरात नुसते दगड होते. त्याने ते काढले.

शिक्षक मित्रांनो, म्हणून हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. मुलांच्या मनातली भुताची भीती घालवा, हे मी सांगायला नको. ते तुमचे कामच आहे. मात्र ती घालवाल त्याच दिवशी, त्याच जागेवर उभे राहून, तिथे खरे काय आहे ते मुलांना सांगा. मुलांना एकदा तरी शाळेबाहेर काढा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायला सांगा, की कुठे जायला लोक भितात आणि त्या जागेला काय म्हणतात. रिठी, पांढरी, गवळ्यांची जागा, राक्षसाचे टेकाड, असली नावे वहीत उतरवून घ्या. जागेचा नकाशा काढा, दगड मोजा, पण एकही जागचा हलवू नका. पांढऱ्या मातीचे टेकाड म्हणजे बहुधा जुन्या वस्तीची राख असते. ती माती शेतात टाकण्याआधी तिच्यात खापरे दिसतात का ते पाहा.

शेतकरी बंधूंनो, आपण होऊन खणू नका. खणताना सोने सापडते, ही गोष्टीतली गोष्ट आहे. बहुधा सापडतात ती गंजलेली कुऱ्हाड आणि फुटके मडके. ती वस्तू ज्या जागी, ज्या थरात होती, त्यावरूनच तिचा काळ ठरतो. जागेवरून उचलली, की ती मुकी झाली. नांगरताना काही मोलाचे लागलेच, तर तहसीलदारांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ पासून तसा कायदाच आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत पुरलेली सापडली, तर ती कळवावीच लागते. पुरातत्त्व खात्याची कचेरी नागपुरात आहे. एक पोस्टकार्ड टाकले, तरी आपले काम आपण केले असे होते.

आणि नागपूरला आलात, की एकदा संध्याकाळी महालात जा. गांधी दरवाज्याखाली क्षणभर थांबा. बरोबर पोर असेल, तर त्याला सांगा, की १८१७ च्या डिसेंबरात इथे परदेशातून आलेले काही शिपाई, बायकापोरांना मागे ठेवून, इंग्रजांच्या तोफांपुढे उभे राहिले होते. पोर कदाचित विचारील, "मग ते अजून आहेत का इथं?"

मी अलीकडे माझ्या पुतणीला घेऊन गेलो होतो, तिने हेच विचारले. मी तिला म्हटले, "आपण त्यांची आठवण काढली ना, तेवढे आहेत." ती कमानीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग माझा हात सोडून एकटीच, अजिबात न धावता, पलीकडे चालत गेली.